घरबसल्या नौकाबांधणी

सरकारी नोकराला रजा ही नेहमीच हवीहवीशी वाटणारी वस्तू आहे. परंतु तीच रजा सक्तीने पदरात पडली, म्हणजे तिची गोडी किती लवकर ओसरते, हे मला २०२५ च्या पावसाळ्यात कळून आले. कचेरीच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरला, घोट्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर घालून मला घरी बसविले. पहिला आठवडा पुस्तकांत गेला, दुसरा घरच्या मंडळींवर कुरकुर करण्यात. तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीने आपला टॅब्लेट माझ्या हातात ठेवला आणि म्हटले, “बाबा, तुम्हांला होड्यांचे वेड होते ना? मग हे पाहा.” भोपाळसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात, एका खुर्चीवर बसून मी पुढला महिनाभर जहाजे बांधली जाताना पाहिली. त्या पाहण्यातून जे हाती लागले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

आरंभ झाला तो ‘टॅली हो’ नावाच्या एका इंग्रजी शिडाच्या नौकेपासून. १९१० साली इंग्लंडमध्ये बांधलेल्या या नौकेने १९२७ ची फास्टनेट शर्यत जिंकली. त्या वर्षी वादळ असे झाले, की निघालेल्या नौकांपैकी केवळ दोनच शर्यत पुरी करू शकल्या. पुढे नशिबाचे फेरे फिरले आणि ही विजेती नौका अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कुजत पडली. लिओ गूल्डन या तरुण इंग्रज नौकाबांधकाने २०१७ मध्ये ती नाममात्र किमतीला घेतली आणि सात वर्षे खपून, जवळजवळ प्रत्येक लाकूड बदलून, २०२४ मध्ये ती पुन्हा पाण्यात सोडली. या सात वर्षांची हकीकत त्याने स्वतःच चित्रफितींतून मांडली आहे. तीत थरारक असे फारसे काही नाही. एक माणूस एक ओंडका तासतो. तो जागेवर बसत नाही. तो काढून पुन्हा तासतो. आणि तरीही डोळे हटत नाहीत! ज्याच्या हातून दिवसाकाठी पन्नास कागद पुढे सरकतात, परंतु एकही वस्तू तयार होत नाही, त्याला या दृश्याची मोहिनी का पडावी, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाहता पाहता मला नौका बांधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती समजू लागल्या. ‘टॅली हो’ची रीत सांगाड्याची. प्रथम कागदावर आराखडा. मग तो पूर्ण मापाने जमिनीवर रेखाटावयाचा. त्याबरहुकूम तळाचा कणा आणि बरगड्या उभ्या करावयाच्या. आणि त्यानंतर बरगड्यांवर फळ्या बसवून फटींत कापूस ठासावयाचा. दुसरी रीत याच्या अगदी उलट. तीत कण्याला प्रथम फळी जोडतात, त्या फळीला दुसरी, दुसरीला तिसरी. असे कवच आकाराला आले, म्हणजे मग आतून बरगड्या बसवितात. पहिल्या रीतीत नौकेचा आकार कागदावर असतो. दुसरीत तो बांधणाऱ्याच्या नजरेत असतो.

हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर शतकानुशतके चाललेली शिवलेल्या जहाजांची विद्या ही या दुसऱ्या रीतीतलीच. जहाज शिवावयाचे म्हणजे काय? फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडतात. दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या सोडणाचा पेंढा दाबून बसवितात आणि काथ्याची दोरी भोकांतून आतबाहेर ओवीत सांधा आवळतात. एक कारागीर आत बसतो, एक बाहेर. दोघांचा ओढ एकाच क्षणी पडला पाहिजे, नाहीतर टाका सैल राहतो. शेवटी भोके बुजवून राळ आणि तेल यांचा लेप देतात. साऱ्या जहाजात खिळा म्हणून नाही.

खिळा का नाही, याचे ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात एक मोठे गमतीचे कारण दिलेले आहे. समुद्रातील लोहचुंबकाचे खडक लोखंड ओढून घेतील, म्हणून म्हणे ते वापरू नये! खरे कारण अधिक साधे आहे. शिवलेले जहाज लवचीक असते. लाटेचा तडाखा बसला किंवा तळ वाळूला टेकला, तर ते थोडे वाकते, पण फुटत नाही. मद्रासला बंदर नव्हते त्या काळी, किनाऱ्यावर फुटणाऱ्या उंच लाटांतून उतारू आणि माल आणण्याचे काम अशाच शिवलेल्या मसुला नावा करीत. याचे मोलही द्यावे लागते. काथ्या कुजतो, टाके सैल पडतात, आणि नाव वेळोवेळी उसवून पुन्हा शिवावी लागते. म्हणजे हे जहाज टिकावयाचे, तर शिवणारा माणूसही टिकला पाहिजे.

माझ्या मनाला खरा चटका बसला तो येथे. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातील एक शिवलेले जहाज सापडले. त्याच्या धर्तीवर ओमानमध्ये ‘ज्युवेल ऑफ मस्कत’ हे जहाज बांधण्यात आले आणि २०१० मध्ये ते मस्कतहून सिंगापूरला गेले. ते शिवण्यास हात कोणाचे लागले? केरळातील कारागिरांचे. पुढे आपल्या नौदलाने अजिंठ्याच्या भिंतीवरील पाचव्या शतकातील चित्रावरून एक जहाज सिद्ध करविले. गोव्यात बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी ते शिवले. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून पुढील जानेवारीत केवळ शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले.

या प्रकरणातील मर्म असे, की अशा जहाजाचा एकही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. चित्रकाराने शिडे, रांजण आणि नाळेवरचा डोळा रेखाटला. टाका कसा घालावा, हे तो कसे सांगणार? तज्ज्ञांनी गणिते मांडली, मद्रासच्या आय.आय.टी.ने प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. परंतु फळीला फळी जोडण्याची वेळ आली तेव्हा कागद संपला आणि हात पुढे आला. तो हात सुदैवाने शिल्लक होता, म्हणून जहाज झाले. आम्हां कचेरीतल्या माणसांची अशी समजूत असते, की जे फायलीत नाही ते अस्तित्वातच नाही. ती समजूत त्या खुर्चीवर बसल्या बसल्या ढासळली.

आणि तेव्हा मला माझे आजोळ आठवले. वेंगुर्ल्याजवळच्या त्या गावी आमच्या शेजारी एक वृद्ध सुतारमेस्त्री होडी बांधीत. झापांच्या मांडवाखाली त्यांचा वाकस चाले, आणि मी, दहा वर्षांचा, सुटीतला पाहुणा, तासन्‌तास पाहत बसे. एकदा फळीची वाकण दाखवून ते मला म्हणाले, “हात लावन बघ, मगे कळात.” मी हात लावला नाही. मामेभाऊ समुद्रावर बोलावीत होते, मी पळालो. मेस्त्री जाऊन आता तीस वर्षे होत आली. त्यांचा मुलगा गोव्यात बस चालवितो. पाय बरा झाल्यावर दिवाळीत मी आजोळी गेलो, तेव्हा त्याने माळ्यावरून तो वाकस काढून दाखविला. ती फळी नेमकी कशी वाकवीत, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “मी कधी विचारलाच नाय.” त्यावर मी काय बोलणार? मीही विचारले नव्हते.

चित्रफितींची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी मला महिनाभर आनंद दिला, आणि त्या नसत्या तर हा विचारही सुचला नसता. एखादी कला कशी दिसते, हे त्या उत्तम जपून ठेवतील. परंतु लाकूड मोडण्यापूर्वी हाताला किती ताण जाणवतो, टाका पुरेसा आवळला हे बोटांना कसे कळते, हे पडद्यावर उतरत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच उतरते.

श्रोतेहो, आपण ज्या प्रांतात असाल तेथे, मग ते केरळातील बेपूर असो, कच्छमधील मांडवी असो की काशीचा घाट असो, लाकडाची नाव बांधणारा कोणी ना कोणी आज काम करीत असेल. तेथे जाऊन अवश्य पाहा. हवी तर चित्रफीतही घ्या. मात्र त्याने फळीचे दुसरे टोक धरावयास सांगितले, तर पळून जाऊ नका. घटकाभर ते टोक धरा, आणि बरोबर लहान मूल असेल, तर त्याचाही हात त्या फळीला लागू द्या.