घरापुरती मिरची

भरितास हिरवी आणि रश्श्यास लाल, हा खानदेशांतील मिरचीचा घरगुती नियम होय. जळगांवकडे हिरवीं वांगीं कपाशीच्या वा तुरीच्या काड्यांवर भाजितात. मिरच्या व लसूण परतून वांग्यांसह बडगींत ठेचितात. वर तेल, शेंगदाणे व कांद्याची पात. यांत लाल तिखट घातलें कीं वांग्याची चव गेलीच म्हणून समजावें.

धुळ्याकडील शेवभाजीस मात्र कांदा व सुकें खोबरें काळसर होईतों भाजून वाळलेल्या मिरचीसह वाटावें लागतें. तिखटपणा मिरचीचा, काळेपणा भाजणीचा; रंग उतरला नाहीं म्हणून तिखट वाढविणें व्यर्थ.

आतां मुख्य गोष्ट. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांतच होतें. तेथील बाजारांत आमचे बंधु लाल मिरची ओलीच विकतात. ती व्यापारी पथारींवर वाळवितात. मग पिकविणाऱ्याच्या घरीं येते ती दुकानची पुडी! हा व्यवहार आम्हांस रुचत नाहीं. घरापुरती मिरची मागें ठेवावी, ताडपत्रीवर पसरून वाळवावी, रात्रीं दंवापासून झांकावी. ओल राहिल्यास बुरशी धरते व ती विषारी ठरूं शकते. हलवितां आंतील बिया खुळखुळूं लागल्यावरच भरावी. देठ कुटतेवेळीं काढावे.