फळ्यावरच्या तक्त्यापासून एक्सेलपर्यंत

१९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडणं चालू होतं. मधला एखादा आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि हिशेब पुन्हा करायचा. तिथे शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला वाटलं, एक आकडा बदलला की बाकीचे आपसूक बदलायला हवेत. ओळी-रकाने कीर्द-खतावणीत पिढ्यान्‌पिढ्या होतेच. स्प्रेडशीटचा खरा शोध म्हणजे ही आपोआप होणारी फेरमोजणी. बाकीच्या सोयी नंतरच्या.

प्रोग्रॅम लिहिला त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने, तोही रात्री जागून, कारण रात्री मोठ्या संगणकाचं भाडं स्वस्त पडे. १९७९ मध्ये ॲपल टूवर व्हिसिकॅल्क आलं. रकाने ६३, ओळी २५४. तेवढ्यासाठी लोकांनी संगणक विकत घेतले. पेटंट मात्र काढलेलं नव्हतं, त्यामुळे इतरांना रान मोकळं मिळालं. १९८३ मध्ये मिच केपोरच्या लोटस १-२-३ ने आयबीएम पीसीवर बाजी मारली आणि दोनच वर्षांत लोटसने व्हिसिकॅल्कची जन्मदाती कंपनी विकत घेऊन ते बंद केलं.

त्याच १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, १९८७ मध्ये विंडोजवर. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायलींमधल्या तारखा जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ही चूक जाणूनबुजून उचलली. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये एका सेलमध्ये ६० लिहा आणि त्याला तारखेचं फॉरमॅट द्या: २९ फेब्रुवारी १९००, कधी न उगवलेला दिवस!

१९९३ च्या एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आलं. माझं मत विचाराल तर फेरमोजणीनंतरची सर्वांत कामाची सोय हीच. दुकानाची वर्षभराची बिलं एकाखाली एक भरलेली असली, की महिनावार आणि मालवार विक्री माउसने ओढून मिनिटभरात समोर येते. एक सूत्र लिहावं लागत नाही. २००६ मध्ये गूगलने एकच शीट अनेकांना एकाच वेळी भरता येईल अशी सोय केली. २००७ मध्ये एक्सेलच्या ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या. तरीही २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या फॉरमॅटच्या ओळी संपल्या आणि कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण नोंदीतून गळाले.

न विचारता तारीख बनवून टाकण्याची खोड तर जुनीच. ‘मार्च१’सारखी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजत असे, अखेर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली.

तेव्हा शून्याने सुरू होणारे किंवा पंधरापेक्षा जास्त अंकी खाते क्रमांक भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं आणि पंधराव्यानंतरच्या अंकांची शून्यं होतात.