वेटसूट : भिजूनही ऊब राखणारा पोशाख

सुटी लागली की आपल्या बेळगावकडची मंडळी घाट उतरून समुद्र गाठतात. पूर्वी वाळूतला किल्ला, गुडघाभर पाण्यात डुंबणे आणि माशाचे जेवण एवढ्यावर सहल पुरी व्हायची. आता तारकर्लीला स्कूबा, गोव्यात स्नॉर्केलिंग, नाहीतर मुर्डेश्वरहून होडीने नेत्राणी बेट, असे बेत ठरतात. तिथे पाण्यात उतरण्यापूर्वी अंगाला घट्ट बसणारा, रबरासारखा एक पोशाख बहुधा हाती दिला जातो. तोच वेटसूट.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सहलीहून परतलेल्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, सूट घालूनही आम्ही भिजलोच. मग तो घालायचा कशाला?" या प्रश्नाच्या उत्तरातच सूट कसा निवडावा, हेही दडलेले आहे.

हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट जास्त वेगाने वाहून नेते. म्हणून २८ अंशांची हवा सुखाची वाटते. पण तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात बराच वेळ राहिले की अंगात हुडहुडी भरते. शरीर ३७ अंशांचे, त्याची ऊब पाणी सतत ओढून नेत असते.

वेटसूट निओप्रीनचा असतो. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत तयार झाले. सूटसाठी ते फेसाळ करतात, त्यामुळे त्यात असंख्य बारीक बुडबुडे कोंडले जातात. ऊब राखतात ते हे बुडबुडे. आपली घोंगडी, कानडीतली कंबळी, आठवा. लोकर स्वतः तापत नाही, तंतूंमध्ये हवा धरून ठेवते. फरक इतकाच की घोंगडी पार भिजली की हवेची जागा पाणी घेते; निओप्रीनचे बुडबुडे बंद असल्याने त्यांत पाणी शिरत नाही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने नेमके हे ओळखले. पाणबुड्याला ऊब हवी, तर त्याचे अंग कोरडेच राहायला हवे असे नाही. सूटच्या आत आलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने एकदा कोमट होतो. तो जागचा हलला नाही म्हणजे झाले. सूट ढगळ असेल, तर दर हालचालीला नवे गार पाणी आत येते आणि शरीराला ते पुन्हा तापवावे लागते.

म्हणून सूट निवडताना पहिली कसोटी मापाची. कोरडा असताना तो घट्टच वाटला पाहिजे. कंबरेच्या मागे, काखेत आणि मानेशी पोकळी राहू नये. मात्र खोल श्वास घेता यावा, दोन्ही हात डोक्यावर सहज जावेत. गळा आवळत असेल तर दुसरा सूट मागा. संकोच करू नका.

दुसरी गोष्ट जाडीची. सूटवर ३/२ असा आकडा असेल, तर छाती-पाठीशी ३ मिलिमीटर आणि हातापायांना २ मिलिमीटर असा अर्थ. आपल्या किनाऱ्यावरच्या उबदार पाण्यात २-३ मिलिमीटर पुरतात. आखूड बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा सूटही चालतो. मात्र पूर्ण बाह्यांचा सूट खडक, प्रवाळ आणि उन्हापासूनही अंग राखतो. मुळकीकडे सर्फिंग शिकायला जाणाऱ्यांना बहुधा पातळ रॅशगार्ड पुरेसा होतो. खोल जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात, सूट पातळ होतो आणि ऊबही घटते.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. लहान शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभाग उघडा ठेवते, म्हणून लवकर गार पडते. मोठ्यांचा सूट बाह्या दुमडून मुलाला चढवणे म्हणजे काहीच न चढवल्यासारखे. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले, तर पैसे भरलेत म्हणून थांबू नका. मुलाला बाहेर काढा, कोरडे करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बुडबुड्यांमुळे तो थोडा तरंगवतो खरा, म्हणूनच पाणबुडे कंबरेला शिशाची वजने बांधतात. पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवणे त्याला जमत नाही. होडीत आणि स्नॉर्केलिंगला जॅकेट हवेच.

स्वतःचा सूट घेतलात, तर वापरल्यावर गोड्या पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत वाळवा आणि रुंद हँगरवर टांगा. गरम पाणी आणि कडक ऊन निओप्रीनला मानवत नाही. भाड्याचा घेत असाल, तर आधी शिवणी आणि चेन तपासा. सूट अंगात चढवायला पाच-दहा मिनिटे झटापट झाली, तर कुरकुरू नका. सहज चढणारा सूट बहुधा आपल्या मापाचा नसतो.