ऐकणारा कोण आहे?

मागच्या व्याख्यानात आपण 'सुख' या शब्दाभोवती फिरलो. त्यावर अनेकांनी कळवलं, सर, ॲरिस्टॉटल ठीक आहे, पण शाळेत, कचेरीत, वस्तीत माणसांचं मन धड राहावं म्हणून करायचं काय? मी नावापुढे डॉक्टर लावणारा माणूस आहे, औषध देणारा नव्हे. त्यामुळे आज औषधांबद्दल काही नाही. मला एकाच प्रश्नात रस आहे: मन मोकळं करायचं ते कोणापाशी?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला, 'सेहेर' नावाचा. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेनं तो केला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. सत्तराहून अधिक सरकारी माध्यमिक शाळा होत्या आणि त्यांचे तीन गट केले होते. एका गटात बाहेरून आणलेला, प्रशिक्षण दिलेला साधा समुपदेशक. दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे. तिसऱ्यात फक्त सरकारचा नेहमीचा किशोरवयीन कार्यक्रम. काम म्हणजे काय, तर परिपाठात विषय मांडणं, भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, मारहाण आणि दादागिरीविरुद्ध शाळेचं धोरण, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. यात न परवडण्यासारखं काय आहे, सांगा.

समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं. मुलांमधलं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत? काही फरक नाही. कार्यक्रम तोच, शाळा तशाच, मुलं तशीच!

मी आयुष्यभर शिक्षक होतो, त्यामुळे हे वाचून पहिल्यांदा रागच आला. शिक्षकांची बाजू आहेच. बाहेरून आलेल्याला हे एकच काम होतं. शिक्षकाला तास, पेपर, वरून येणारी कागदपत्रं, आणि त्यात हे. पण तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

माझ्या तृतीय वर्षाच्या वर्गातला एक मुलगा एकदा तास संपल्यावर घुटमळत उभा राहिला. म्हणाला, सर, झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. मी घड्याळ बघत म्हटलं, परीक्षेला पंधरा दिवस आहेत, जरा नेट लाव. तो "हो सर" म्हणाला आणि गेला. त्या वर्षी परीक्षेला बसलाच नाही. पुष्कळ वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला, त्यानंच ओळखलं, चहा पाजला. मी विषय काढला तर म्हणाला, "सर, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. ज्याच्या हातात आपले मार्क, त्याला असलं सांगायचं नसतं." माझं चुकलं होतं, हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आता जरा लांब, झिम्बाब्वेत. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ, अति विचार करणं. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, "पोर लई इचार करतंय", अगदी तोच. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ साली हरारेमध्ये चौदा आज्या तयार केल्या. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर बाकडं टाकलं. आजी त्यावर बसणार, समोरच्याचं ऐकणार, आणि त्याच्या अडचणींतली एक निवडून, पुढच्या आठवड्यात काय करता येईल ते त्यालाच ठरवायला लावणार. पहिलं नाव 'मानसिक आरोग्याचं बाकडं' होतं, तेव्हा कोणी फिरकेना. आज्याच म्हणाल्या, नाव बदला. ते 'मैत्रीचं बाकडं' झालं. पुढे ५७३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली, आणि बाकड्यावर बसलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली दिसली. आजीच्या हातात ना कोणाचे मार्क होते, ना कोणाची बढती. (आणि गंमत बघा, या शब्दाचा नव्वदच्या दशकात तिथे राहून अभ्यास करणारे विक्रम पटेल हेच 'संगाथ'चे एक संस्थापक.)

कचेऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सोंगच फार. योगदिनाला चटया वाटतात आणि रात्री अकराला साहेबाचा मेसेज येतो. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. जितकी पायरी खालची, तितका हृदयविकार जास्त. आणि स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. चटईनं तो ताबा मिळत नाही. आणि मनाचं दुखणं साहेबालाच सांगा म्हणणं म्हणजे पुन्हा मार्क देणाऱ्यालाच सांगणं. ज्यांना आज, आत्ता कोणाशी तरी बोलायचं आहे त्यांनी १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक लिहून घ्या. तिथे तुमचा साहेब नसतो.

परवा एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. उत्साहानं म्हणाल्या, सर, आम्ही समुपदेशक नेमला, चिठ्ठ्यांची पेटीही लावली. मी विचारलं, खोली कुठे दिलीत? म्हणाल्या, माझ्या केबिनला लागूनच, म्हणजे लक्ष राहतं. आणि पेटी? केबिनच्या दारात.

मी म्हटलं, बाई, आधी पेटी हलवा. खोलीचं उद्या बघू.