तांबूला दुपारची सोबत हवी

कुत्रा दत्तक द्यायचा आहे, अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरू लागली की फोटोत सगळ्यांची नजर आधी जाते ती नसलेल्या पायावर. फोन येतात तेही त्याबद्दलच. ‘बिचाऱ्याला दुखत असेल ना?’ ‘कृत्रिम पाय बसवता येईल का? खर्च आम्ही करू.’ विचारणाऱ्यांचं मन चांगलं असतं, यात शंका नाही. पण अपघातात पाय गेलेल्या आणि माणूस नजरेआड होताच घाबरून जाणाऱ्या कुत्र्यासाठी घर शोधताना पाय हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. खरी अवघड असते ती दुपार. घरातली माणसं कामावर गेलेली, दाराला कुलूप आणि आत तो एकटा.

अशा कुत्र्याला या लेखापुरतं तांबू म्हणू. दोन-तीन वर्षांचा, तांबूस रंगाचा, कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात दिसतो तसा देशी कुत्रा. मागचा एक पाय गाडीखाली चिरडला, कुणीतरी उचलून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाय काढला आणि जीव वाचला.

आधी पायाचं सांगून टाकते. पाय काढताना तो बहुधा मांडीच्या वरच्या भागातून किंवा खुब्यापासून काढतात, पुढचा असेल तर खांद्यापासून. खाली थोटूक ठेवलं तर कुत्रा ते टेकवायला जातो आणि जखम करून घेतो. त्यामुळे कृत्रिम पाय अडकवायला जागाच उरत नाही, आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची गरजही पडत नाही. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. म्हणून मागचा पाय गेलेला कुत्रा पुढचा गेलेल्यापेक्षा लवकर सावरतो. टाके निघेपर्यंत तांबू उड्या मारत चालू लागलेला असतो. सावकाश चालण्यापेक्षा त्याला पळणं सोपं जातं, कारण वेगात तोल सांभाळला जातो.

जपायचं ते वेगळंच. आपल्या घरांतली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी ही त्याची शत्रू. तिच्यावर उरलेला मागचा पाय फाकतो आणि सांधा दुखावतो. त्याच्या वावरण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी घट्ट बसवावी, नखं वेळेवर कापावीत. वजन अजिबात वाढू देऊ नये. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. ‘बिचारा’ म्हणून ताटातली पोळी-तूप भरवणारे हात त्याचे गुडघे लवकर झिजवतात. एका लांब फेरीऐवजी तीन-चार छोट्या फेऱ्या, आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ते घर त्याचं नाही. पायाचं प्रकरण एवढंच.

आता दुपार. रस्त्यावरचा कुत्रा बंद खोलीत एकटा कधी राहिलेलाच नसतो. चहाच्या टपरीपाशी, रिक्षा स्टँडवर, वॉचमनच्या खुर्चीखाली, दिवसभर त्याच्या आसपास कुणी ना कुणी असतं. मग एका दिवसात ते सगळं सुटतं. दवाखान्याचा पिंजरा, वेदना, अनोळखी वास. त्यातून तो फॉस्टरच्या घरी येतो, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्याकडे, आणि तिथे त्याच्याजवळून कुणी हलत नाही. टाके चाटू नयेत म्हणून रात्री उशाशी कुणीतरी झोपतं. एवढं झाल्यावर तो माणूस दाराबाहेर गेला की जग बुडाल्यासारखं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

डॉक्टर याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. माणूस बाहेर पडल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच तो भुंकायला, विव्हळायला लागतो. दार ओरबाडतो, लाळ गळते, एरवी बाहेर जाणारा कुत्रा घरात लघवी करतो. नुसता कंटाळलेला कुत्रा चप्पल चावतो, पेपर फाडतो आणि झोपून जातो. घाबरलेल्याचं लक्ष फक्त दार-खिडकीवर असतं, आवडता खाऊही तो तोंडात घेत नाही. फरक ओळखायला जुना मोबाइल व्हिडिओ सुरू करून ठेवायचा आणि निघायचं. आल्यावर पाहिलं की डॉक्टरांनाही निदान करणं सोपं जातं.

‘मुद्दाम करतो, सूड घेतो, बघा कसा अपराधी चेहरा करून बसलाय,’ हे घरोघरी ऐकू येतं. हा गैरसमज कुत्र्यांना फार महागात पडतो. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. कान पाडून, नजर चुकवून बसण्याचा संबंध कुत्र्याने काही केलं की नाही याच्याशी नव्हताच. मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा दिसायचा, आणि काहीच न केलेल्या कुत्र्यांवर तर जास्तच. म्हणजे ती कबुली नसते, आपल्या रागाची भीती असते. आधीच भीतीने दार खरवडणाऱ्याला घरी येऊन ओरडलं तर त्याला एवढंच कळतं, की माणूस जातो तेही वाईट आणि परत येतो तेही वाईट. पिंजऱ्यात कोंडणं त्याहून वाईट. जाळी चावून दात तुटतात, नखं रक्ताळतात. सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याचा सल्लाही बहुधा उपयोगी पडत नाही, कारण त्याला हवा असतो तो माणूस.

यावर उपाय आहे, फक्त तो संथ आहे. चपला घालायच्या आणि पुन्हा सोफ्यावर बसायचं. किल्ल्या उचलायच्या, ठेवून द्यायच्या. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं की दाराबाहेर दोन सेकंद, मग दहा, मग मिनिट. तो अस्वस्थ होण्याआधी परत यायचं, हेच सगळ्याचं मर्म. आणि हा सराव चालू असेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, कधी महिने, त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. एका दिवसाची घबराट बरीच मेहनत धुऊन नेते. भीती फार असेल तर औषधं असतात. अमेरिकेत क्लोमिप्रामिनला 1998 मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला 2007 मध्ये खास याच त्रासासाठी मान्यता मिळाली. ती पशुवैद्याच्या देखरेखीखाली सरावाच्या जोडीने द्यायची असतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. घरातल्या माणसाच्या गोळ्या अंदाजाने द्यायच्या नाहीत.

हे सगळं लक्षात घेतलं की तांबूचं घर कसं असावं याचं चित्र बदलतं. बंगला, बाग, मोठी गाडी यांनी तो बरा होणार नाही. दोघंही सकाळी आठला हिंजवडीकडे निघणारं प्रेमळ जोडपं त्याच्यासाठी योग्य नाही, त्यांनी कितीही खर्च करायची तयारी दाखवली तरी. याउलट घरी शिवणकाम करणाऱ्या ताईंची दीड खोली त्याला स्वर्ग ठरू शकते. रोपवाटिका चालवणारे काका, दिवसभर माणसांची ये-जा असलेलं एकत्र कुटुंब, घरून काम करणारी मुलगी आणि शेजारच्या दारात हक्काची मावशी, अशी घरं शोधावी लागतात. निवृत्त जोडपंही उत्तम. फक्त देशी कुत्रा बारा-चौदा वर्षं सहज जगतो, म्हणून फॉर्मवर मुलाचं किंवा भाचीचं दुसरं नाव आणि त्यांचा स्पष्ट होकार हवा.

घर पाहायला गेल्यावर विचारायचे प्रश्नही मग बदलतात. दुपारी बारा ते पाच घरात कोण असतं? गणपतीला गावी जाता तेव्हा तो कुठे राहील? खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे का? दत्तक दिलेला कुत्रा परत येतो तो फार वेळा भुंकण्याच्या तक्रारींमुळे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, की लिफ्ट नाकारता येत नाही. पण शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी घ्यायलाही त्याच सूचना सांगतात. तेव्हा नियमाचा कागद नाचवण्यापेक्षा आधीच दारं ठोठावावीत: ‘घाबरट कुत्रा आणतोय, सराव चालू आहे, काही ऐकू आलं तर लगेच फोन करा.’ असा फोन म्हणजे फुकट मिळालेली देखरेख.

जाहिरात खरी लिहिली पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे. ‘अतिशय प्रेमळ, सर्वांशी जुळवून घेतो’ असं लिहिलं तर फोन भरपूर येतात आणि कुत्रा पंधरवड्यात परत येतो. दर वेळी परत आलेला तांबू आधीपेक्षा जास्त घाबरलेला असतो. त्याऐवजी लिहावं: ‘तांबू, नर, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. तीन पायांवर धावतो. सध्या दहा मिनिटांपेक्षा जास्त एकटा राहू शकत नाही. दिवसभर माणूस असलेल्या घरातच देणार. सराव शिकवू, औषधांची माहिती देऊ, नाहीच जमलं तर आमच्याकडेच परत घेऊ.’ फोन कमी येतील, पण जो येईल तो कामाचा असेल.

सोपवण्याची घाई नको. नव्या माणसांनी आधी फॉस्टरच्या घरी येऊन त्याला फिरवावं, मग अर्धा दिवस आपल्या घरी न्यावं. जाताना त्याचा वास असलेली चादर सोबत द्यावी. पहिल्या आठवड्यात घरातल्या कुणीतरी सुट्टी घ्यावी, आणि फटाक्यांच्या दिवसांत तर घरबदल करूच नये. फॉस्टर करणाऱ्यांनीही पहिल्या दिवसापासून त्याला शेजारच्या खोलीत क्षणभर एकटं बसायला शिकवलं, तर पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्राणिप्रेमींना भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येईल, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची राहील. तांबूसारख्याच्या बाबतीत ती जबाबदारी दुपारीच पेलावी लागते. तुमच्या घरात दुपारी माणूस असेल, फरशीवर सतरंजी घालायची तयारी असेल आणि काही महिने दाराबाहेर जाऊन परत यायचा सराव करण्याइतका धीर असेल, तर गावातल्या प्राणिसंस्थेला फोन करून एवढंच विचारा: ‘एकटा राहू न शकणारा कुत्रा आहे का तुमच्याकडे?’