आठ वार कापड, तीन पट्टे

एडिंबरा : कवी रॉबर्ट बर्न्सचा २५ जानेवारीचा जन्मदिवस जवळ आला, की स्कॉटलंडभर कपाटांतले किल्ट बाहेर निघतात. त्या रात्री बॅगपाइपच्या सुरात हॅगिस या मेंढीच्या मांसाच्या पदार्थाची थाळी मिरवत आणायची, जेवायचं, कविता म्हणायच्या आणि मग नाचायचं, हा इथला कुळाचार आहे. त्याआधीच्या दिवसांत किल्ट शिवणाऱ्यांकडे दुरुस्तीची घाई चालते. कापडाची तक्रार क्वचितच असते. किल्ट कमरेला गुंडाळताना कातडी पट्टा नेहमीच्या भोकापाशी तडकतो, बक्कल हातात येतं, किंवा सगळं शाबूत असूनही शेवटच्या भोकापर्यंत पट्टा पोचत नाही.

पर्यटकाला हे पट्टे सहसा दिसतच नाहीत. त्याची नजर जाते ती रुंद कंबरपट्ट्यावरच्या चांदीच्या रंगाच्या मोठ्या बकलावर आणि पुढे लोंबणाऱ्या स्पोरनच्या बटव्यावर. पण किल्ट त्या कंबरपट्ट्यावर उभा नसतो. तो काढला तरी किल्ट जागचा हलत नाही. सगळा भार असतो कुशीवरच्या सव्वा इंच रुंदीच्या लहान कातडी पट्ट्यांवर.

पुरुषाच्या पूर्ण किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागतं. म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा जेमतेम एक वार कमी. त्यातलं बहुतेक कापड मागच्या निऱ्यांमध्ये जातं. या निऱ्या वरच्या भागात कायमच्या शिवलेल्या असतात. पुढे दोन सपाट पदर येतात. आतला पदर पोटावरून डावीकडे जातो. त्याच्या टोकाचा पट्टा कमरेच्या शिवणीतल्या एका चिरेतून बाहेर काढून डाव्या कुशीवरच्या बकलात अडकवायचा. मग वरचा पदर उजवीकडे घ्यायचा आणि तिथे एक किंवा दोन पट्टे लावायचे. तिसरा, खालचा पट्टा सगळ्याच किल्टना नसतो. त्याच्यावर ओढ कमी येते. पदर कुशीवर नीट बसवणं एवढंच त्याचं काम. वरच्या पदराला शोभेची मोठी टाचणी लावतात, तिचा बांधणीशी काही संबंध नाही. ती फक्त वरच्याच पदरातून काढायची. दोन्ही पदर एकत्र टाचले तर बसता-उठताना कापड फाटतं.

जुन्या काळी यातलं काहीच नव्हतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून डोंगराळ भागात वापरला जाणारा मोठा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबलचक कापड. चुण्या घालून ते पट्ट्याने कमरेला आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. अठराव्या शतकात कमरेखालचा भाग वेगळा झाला आणि पुढे त्याच्या निऱ्या शिवल्या जाऊ लागल्या. मधे कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्याने हा पोशाखच बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. सैन्याला तेवढी सूट होती. १७८२ मध्ये कायदा रद्द झाला आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभांत किल्टला राष्ट्रीय पोशाखाचा मान मिळाला. सुरुवातीचे शिवलेले किल्ट टाचण्यांनी अडकवत. कातडी पट्टे नंतर रुळले.

लोकर नीट जपली, कसर लागू दिली नाही, तर किल्ट दोन पिढ्या सहज चालतो. कातडं एवढं टिकत नाही. बहुतेक लोक किल्ट पट्ट्यांसकट ड्रायक्लीनिंगला देतात. त्यातल्या द्रावणाने लोकर स्वच्छ होते, पण कातड्यातलं तेल निघून जातं. ते कोरडं पडतं आणि नेहमी वाकणाऱ्या जागी भेगाळतं. बकलावरचा निकेलचा मुलामा झिजला, की खालचं लोखंड गंजून कापडावर तपकिरी डाग पडतो. हा डाग मात्र सहसा जात नाही, म्हणून मुलामा उडालेलं बक्कल दिसताक्षणी बदलावं.

सुटे पट्टे आणि बकलं किल्टच्या कारागिरांकडे जोडीने मिळतात. घोड्याचं सामान करणाऱ्या खोगीरवाल्यांकडेही चांगली बकलं सापडतात. इंग्लंडमधलं वॉल्सॉल शहर तर याच सामानावर वाढलं. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावही खोगीरवाल्यांवरूनच पडलं आहे. बक्कल घेताना बाहेरचा आकार मोजून उपयोग नाही. पट्टा ज्यातून जातो ती आतली रुंदी मोजायची, आणि सगळी बकलं एकाच घडणीची घ्यायची. कातडं झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेलं, घट्ट असावं. मऊ कातडं हाताला छान लागतं, पण ओढीने ताणतं आणि महिन्याभरात भोकं लांबट होतात.

आता खरं काम. जुना पट्टा उसवण्याआधी त्याची जागा कच्च्या टाक्यांनी आखून घ्यायची. आधी उसवलं, की ती जागा हरवलीच. मग अस्तराचा तेवढा भाग सोडवून आत बघायचं. किल्टच्या कमरेत ताठ कॅनव्हास असतो आणि पट्ट्यांची सगळी ओढ त्याने झेलायची असते. पट्टा नुसत्या कापडाला शिवला, तर पाच-सहा कार्यक्रमांत लोकर विरते आणि पट्टा कापडाचा तुकडा घेऊनच सुटतो. म्हणून टाका कातडं, कापड आणि कॅनव्हास या तिन्हींतून गेला पाहिजे, पण अस्तरात उतरता कामा नये. कातड्याला आधी आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला मजबूत दोरा घ्यायचा आणि हाताने शिवायचं. बकलाकडे दुमडणारं टोक रापीने पातळ करायचं, नाहीतर तिथे गाठीसारखा उंचवटा येतो. बक्कल अनेकदा किल्टच्याच टार्टनच्या, म्हणजे चौकडीच्या कापडाच्या, छोट्या पट्टीवर बसवतात. चांगला कारागीर त्या पट्टीवरच्या रेघासुद्धा खालच्या रेघांशी जुळवून घेतो. तेवढ्या दोन इंचांवर तो घालवतो तो वेळ मला फार मोलाचा वाटतो.

पट्टा अर्धा इंच वर-खाली झाला तरी उभं राहिल्यावर कळतं. वरच्या पदराची दशांची कड सरळ खाली न येता तिरकी धावते. डावा पट्टा चिरेच्या रेषेत नसेल, तर सगळी कंबरच पिळली जाते. म्हणून शेवटचे टाके घालण्याआधी किल्ट माणसाच्या अंगावर चढवून बघायचा.

स्कॉटलंडने टार्टनच्या नमुन्यांसाठी कायदा केला. २००९ पासून एडिंबऱ्यात सरकारी नोंदवही आहे, आणि तिच्यात कुळांचे, गावांचे, संस्थांचे नमुने धाग्यांच्या हिशेबासह जपलेले आहेत. हे उत्तमच झालं. पण तो नमुना ज्यांच्यामुळे अंगावर राहतो त्या हातांचीही अशीच कदर व्हावी, असं मला मनापासून वाटतं. रॉयल माइलवरच्या दुकानांत स्वस्त, कृत्रिम धाग्याचे, व्हेल्क्रोने चिकटणारे किल्ट ढिगाने मिळतात. ते बिघडले, की टाकूनच द्यावे लागतात. ज्याची दुरुस्ती होऊ शकते अशा वस्तूला दुरुस्त करणारा माणूसही जवळ असावा लागतो, आणि त्याच्या कामाचा रास्त दाम द्यायची तयारीही.

इथे शिकायला आलेल्या मराठी मुलांना पदवीदानासाठी किंवा मित्राच्या लग्नासाठी किल्ट हवा असतो, आणि नवा हाताने शिवलेला किल्ट शेकडो पौंडांना पडतो. त्यांनी ग्रासमार्केटमधल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत जरूर बघावं. किल्ट उजेडासमोर धरून कसरीची भोकं पाहावीत, निऱ्यांची शिवण तपासावी, कमरेचा कॅनव्हास दाबून बघावा. माप पँटच्या आकड्यावरून घेऊ नये. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, तिथला घेर टेपने मोजावा. एवढं ठीक असेल आणि पट्टे मात्र तुटलेले असतील, तर किंमत थोडी कमी करून मागावी आणि किल्ट खुशाल घ्यावा.