जुन्या मोटारींतील नवा रेडिओ व वाटाड्या

गेल्या वर्षीं आषाढांत, रात्रीं अकराच्या सुमारास, जिंतूर तालुक्यांतील आमच्या घरीं आईला दम्याचा जोराचा झटका आला. दारांत वडील बंधूंची सतरा वर्षांची मोटार उभी होती. बंधूंनीं धांवत जाऊन किल्ली फिरविली, तों मोटारीनें एकदां क्षीण आवाज केला आणि मौन धरलें. बॅटरींत जीवच उरला नव्हता. शेजाऱ्यांस उठवून त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी तारांनीं जोडून मोटार सुरू करीपर्यंत पाऊण तास गेला. परभणीस पोहोंचल्यावर आईला आराम पडला व ती आज सुखरूप आहे. परंतु तो पाऊण तास आम्हां भावांच्या मनांतून जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं कारण शोधलें तेव्हां असें आढळलें कीं, थोड्याच दिवसांपूर्वीं मोठ्या हौसेनें बसविलेलें गाण्याचें व रस्ता दाखविण्याचें यंत्र मोटार बंद असतांनाही रात्रंदिवस वीज खात होतें. यास्तव असें यंत्र निवडतांना व बसवितांना काय पाहावें, हें आज थोडक्यांत सांगण्याचें मीं योजिलें आहे.

जुनी मोटार म्हणजे टाकाऊ मोटार, असा अर्थ आपल्या जिल्ह्यांत कोणी करीत नाहीं. कापूस किंवा सोयाबीन साधलें म्हणजे एखाद्या वर्षीं घरांत मोटार येते, आणि पुढें चार पिकें फसलीं तरी ती दारांतच राहते. १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० चें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. त्याच सालीं अँबेसिडरचेंही थांबलें. तरी या गाड्या रस्त्यांवर अद्याप दिसतात. यांच्या जन्मकाळीं यांत कॅसेटचें यंत्र असे किंवा नुसती रिकामी खोबण असे. त्या खोबणींत आज काय बसवावें, हा प्रश्न आहे.

प्रथम ती खोबणच मोजावी. मोटारीच्या रेडिओच्या खोबणीचें माप जर्मनीच्या मानकसंस्थेनें ठरविलें, व त्या संस्थेच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘डिन’ म्हणतात. एकेरी डिन सुमारें १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच. दुहेरी डिनची रुंदी तीच, उंची मात्र दुप्पट. जुन्या लहान मोटारींत बहुधा एकेरीच खोबण असते. अशा वेळीं ‘थोडें कापून बसवून देतों’ असें दुकानदार म्हणतो. त्यास कापूं देऊं नये. त्या तक्त्यामागें हवेच्या नळ्या व मापकांच्या तारा असतात, आणि एकदां कापलेला तक्ता पुन्हां सांधत नाहीं. मोठा पडदा हवाच असेल तर ज्याचें अंग एकेरी खोबणींत मावतें व पडदा पुढें अधांतरीं राहतो, असें यंत्र मिळतें. तें घेण्यापूर्वीं पडद्याच्या मापाचा पुठ्ठा कापून जागेवर धरावा, म्हणजे हवेचे झरोके किंवा धोक्याच्या दिव्याचें बटण झांकलें जातें कीं काय, तें कळेल. खोबणीची खोलीही मोजावी. मागें तारांचा जुडगा राहावयास जागा लागते.

आतां तारांविषयीं. यंत्राच्या पाठीमागें ज्या तारा निघतात त्यांतील तीन मुख्य होत. पिवळी तार बॅटरीशीं सदैव जोडलेली असते. ती घड्याळ व स्मरण राखते. तांबडी तार किल्लीच्या मार्गानें येते. किल्ली फिरली म्हणजे यंत्र जागें होतें, किल्ली काढली म्हणजे झोपतें. काळी तार मोटारीच्या अंगास जोडावयाची. जुन्या मोटारींत किल्लीची योग्य तार शोधावयास श्रम पडतात. म्हणून घाईचा कारागीर पिवळी व तांबडी एकत्र पिळून दोन्ही थेट बॅटरीस जोडतो. गाणें लागतें, पैसे चुकते होतात, आणि यंत्र पुढें कधींच पुरतें झोपत नाहीं. आमच्या घरीं घडलें तें हेंच.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, बंद दिसणारें यंत्र ५० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह घेत आहे. हा ओघ क्षुल्लक भासतो; परंतु दिवसाचे २४ तास व महिन्याचे ३० दिवस धरले कीं बेरीज ३६ अँपिअर-तास होते, आणि लहान मोटारीची बॅटरीच सुमारें ३५ अँपिअर-तासांची असते. आमचें यंत्र तर २०० मिलिअँपिअर घेत होतें. त्यास आठ दिवस पुरेसे झाले, आणि पावसाच्या झडींत मोटार आठ दिवस जागची हलली नव्हती. म्हणून यंत्र बसविण्यापूर्वीं एकदां व बसविल्यावर एकदां, किल्ली काढून, दिवे विझवून व दारें लावून, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मध्यें मापक लावून प्रवाह पाहावा. दहा-पंधरा मिनिटें थांबून आंकडा टिपावा. मापक मध्यें असतांना किल्ली मात्र फिरवूं नये. तेवढ्या प्रवाहानें मापक जळेल. पिवळ्या तारेवर बॅटरीजवळ फ्यूज आहे याचीही खात्री करून घ्यावी. फ्यूज नसलेली तार घासून उघडी पडली तर आग लागण्यास वेळ लागत नाहीं.

आवाजाच्या बाबतींत डब्यावरील आंकड्यांस भुलूं नये. ‘५० वॅट गुणिले चार’ असें पुष्कळ डब्यांवर छापलेलें असतें. इंजिन चालू असतांना मोटारींतील विजेचा दाब सुमारें १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबावर चार ओहमच्या एका स्पीकरास शुद्ध आवाजाचे गणितानें फार तर २६ वॅट मिळूं शकतात, व व्यवहारांत वीसच्या आसपास. पन्नास हा आंकडा आवाज फाटून गेल्यानंतरचा होय. म्हणून ‘आर. एम. एस.’ या शब्दांपुढें लिहिलेला आंकडा विचारावा. जुन्या स्पीकरांचा कागद उन्हानें वाळून तडकलेला असतो. पुष्कळदां यंत्र साधें घेऊन स्पीकर नवे घातले तर आवाज अधिक सुधारतो. फार जुन्या मोटारींत स्पीकरांची एक तार मोटारीच्या अंगासच जोडलेली असे. नव्या यंत्रास तें चालत नाहीं. प्रत्येक स्पीकरास दोन स्वतंत्र तारा न्याव्या लागतात, नाहींतर यंत्र बिघडतें.

रेडिओ ऐकणारांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या देशांत मध्यमलहरींवरील केंद्रें ९ किलोहर्ट्झच्या अंतरानें मांडलेलीं आहेत. परभणी केंद्राची नोंदलेली लहर १३०५. तिला ९ नें नि:शेष भाग जातो. अमेरिकेसाठीं घडविलेलें यंत्र दहा-दहाच्या पायऱ्यांनीं चढतें. तें १३०० वर थांबेल, १३१० वर थांबेल, १३०५ वर थांबणार नाहीं. जपानांतून आलेल्या जुन्या यंत्राचा एफ. एम. पट्टा ७६ पासून सुरू होऊन ९० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, आणि आपला पट्टा १०८ पर्यंत जातो. यंत्रांत देश निवडण्याची सोय आहे काय, हें दुकानांतच पाहून घ्यावें. कित्येक नव्या यंत्रांत मध्यमलहर मुळींच नसते, हेंही ध्यानांत असावें.

आतां वाटाड्याकडे वळूं. यांत तीन निरनिराळीं कामें एकवटलेलीं आहेत. आपण कोठें आहों, हें उपग्रह सांगतात. जी. पी. एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, व निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे आपलें स्थान निघतें. यास पैसे पडत नाहींत व मोबाइलचें जाळेंही लागत नाहीं. आपल्या देशाच्या अशाच मालिकेंतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडला गेला. दुसरें काम नकाशाचें. तो यंत्रांत सांठविलेला असतो किंवा जाळ्यावरून येतो. तिसरें, पुढें गर्दी आहे कीं नाहीं याची वार्ता. ती केवळ जाळ्यावरूनच येते. तेव्हां जाळें तुटलें तरी वाट दिसावी असें वाटत असेल, तर नकाशा आधींच उतरवून ठेवावा.

सांठविलेला नकाशा शिळा होतो. हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. छत्रपति संभाजीनगर व धाराशिव हीं नांवें २०२३ सालीं रूढ झालीं. जुन्या नकाशांत नवें नांव शोधूं जातां गांवच सांपडत नाहीं. नव्या नकाशांतही एकाच नांवाचीं तीन-चार गांवें निघतात. तालुका पाहिल्याशिवाय निघूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, उपग्रहास चिखल कळत नाहीं. जवळचा मार्ग म्हणून तो काळ्या मातीच्या पांदणींतून नेईल, आणि श्रावणांत तेथें मोटार आंसापर्यंत रुतेल. पावसाळ्यांत डांबरी रस्ता लांबचा असला तरी तोच धरावा, व शंका आल्यास पारावर बसलेल्यांस विचारावें.

माझें मत विचाराल तर, बहुतेक जुन्या मोटारींस एकेरी डिनचा, ब्लूटूथ असलेला साधा रेडिओ व भक्कम पकडींत बसविलेला फोन एवढें पुरे आहे. फोनांतील नकाशा ताजा राहतो. स्वतंत्र यंत्राची देखभाल त्याचा कारखाना दोन-चार वर्षांत सोडून देतो. पडद्याचें यंत्र घेणें झालेंच, तर फोनाचें चित्र पडद्यावर आणणारें घ्यावें. वैशाखांतल्या उन्हांत मोटार दोन तास उभी ठेवून मग तें चालवून पाहावें, आणि आवाजास फिरवावयाची खुंटी आहे ना तें पाहावें. कारण खुंटी हातास कळते, पडद्यावरील बटण डोळ्यांनीं शोधावें लागतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जातांना दोन सेकंद नजर वळली कीं मोटार तेहतीस मीटर आंधळी धांवते. कायदाही हेंच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना हातांत फोन धरणें हें धोकादायक चालविणें ठरलें; ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानें फोनाचा उपयोग वाट पाहण्यापुरता, तोही चालकाचें लक्ष न ढळेल अशाच रीतीनें, करतां येतो. ठिकाण निघण्यापूर्वींच लिहावें व पुढें कानांनीं ऐकावें.

बंधूंनीं तें यंत्र फेकून दिलें नाहीं. परभणीच्या एका वृद्ध कारागिरानें अर्धा दिवस खपून किल्लीची तार शोधली, तांबडी तार तिला जोडली व पिवळीवर फ्यूज घातला. आतां मापक आठ मिलिअँपिअर दाखवितो. म्हणजे मोटार महिनाभर उभी राहिली तरी सहा अँपिअर-तासांपलीकडे खर्च होत नाहीं. यंत्राच्या किंमतीच्या मानानें त्या अर्ध्या दिवसाची मजुरी अगदींच थोडी होती. खरेदी करतांना ती मजुरी आधीं बाजूला काढून ठेवावी, आणि उरलेल्या रकमेंत जें यंत्र बसेल तें घ्यावें.